तीच गाठ

आमच्या दाजी पेठेत नळाला पाणी येतं पाचव्या दिवशी,
कधी पहाटे तीनला, कधी येतच नाही.
अन्ना आता त्याची नोंदवही ठेवतो.
तारीख, वेळ, धार केवढी, किती बॅरल भरली,
खाली सही. सही अजून तशीच:
कमांडर ल. रा. गुंडेटी, निवृत्त.
कुणाला दाखवायची ही वही, मी विचारलं.
म्हणाला, वॉच संपली की लिहायचं असतं, चेल्ली.

मी दारात विड्या वळते.
तो लिहितो, मी मोजते.

सत्याऐंशी साली गेला तो.
पत्र्याची पेटी, कडक भाकरीची चवड,
आणि शेंगाचटणी, जिचा वास तीन महिने गणवेशाला.
तोवर त्यानं पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी
सिद्धेश्वराचं तळं, तेही मे महिन्यातलं.
नायना स्टेशनवर आला नाही.
बीम नुकताच चढला होता, टॉवेलची ऑर्डर होती.
भिंतीवरच्या सुताच्या धुळीत बोटानं
तेवढी तारीख लिहून ठेवली.

तिकडे ओडिशात, पहिल्याच आठवड्यात
उस्तादानं दोन दोरखंड पुढे टाकले.
बारीक दोर जाडाला जोडायचा, सुटता कामा नये.
पोरं घामाघूम.
अन्नानं हात पाठीमागे नेऊन, न बघता बांधली.
कोळ्याचा काय रे?
नाही, मागावरचा.
ताणा तुटला की नायना हीच गाठ मारायचा,
बोटाला जरा थुंकी लावून,
डोळे शेजारच्या मागावर.
नौदलात तिला इंग्रजी नाव होतं.
आमच्याकडे नुसतं 'सांधा'.
दिवसातून चारशे वेळा करायच्या गोष्टीला
कोण मोठं नाव ठेवतं?

पुढचं सगळं मला पत्त्यांवरून ठाऊक.
विशाखापट्टणम, कोची, पोर्ट ब्लेअर,
मग नुसता जहाजाचा नंबर.
दहा वर्षं खलाशी, मग परीक्षा, मग खांद्यावर पट्टी.
आम्हाला वाटायचं, दुर्बीण लावून डेकवर उभा असेल.
तो खाली, यंत्रांच्या पोटात, पन्नास डिग्रीत,
समुद्रातलं मीठ काढत होता.
तीनशे माणसांचं प्यायचं पाणी.
एकदा यंत्र बिघडलं, आंघोळीला अर्धी बादली मिळाली,
सगळ्या जहाजावर बोंब.
त्यानं पत्रात लिहिलं: मला मात्र घरी आल्यासारखं वाटलं.

कॅप्टन झाला नाही.
दोनदा बोर्ड बसलं, दोनदा नाव राहिलं.
हे त्यानं नाही सांगितलं, वहिनीनं सांगितलं,
गवार मोडता मोडता, मान वर न करता.

नायना गेला तेव्हा तो एडनच्या आखातात होता.
तेराव्याला पोचला.
मागावर अर्धा टॉवेल तसाच.
पाहुणे जेवायला बसले आणि हा शर्ट काढून मागावर.
तुटलेले सतरा धागे सांधले,
बटण दाबलं, वीतभर विणलं.
गाठी पक्क्या होत्या. विणकाम काही जमलं नाही,
काठ ओढला गेला एका बाजूला.
तो टॉवेल आम्ही जपून वगैरे ठेवला नाही.
वापरला. आता फरशी पुसायला आहे.

पोरं विचारतात, अंकल, समुद्र कसा असतो?
तो म्हणतो, आवाज फार.
कारखान्यासारखा. बंद झाला की झोप मोडते.

आज पहाटे तीन दहाला नळ फुसफुसला.
मी उठेपर्यंत तो बनियनवर अंगणात.
पहिली ओंजळ जिभेवर धरून थांबला,
गल्लीतला दिवा तोंडावर, डोळे मिटलेले.
काय बघतोस रे?
मीठ, म्हणाला.
मग स्वतःच हसला, चष्मा शोधला, वही उघडली,
शेऱ्याच्या रकान्यात नीट अक्षरात लिहिलं: गोडं.
सही होईपर्यंत बॅरल भरून वाहत होतं,
पाणी पार मार्कंडेयाच्या फोटोच्या दुकानापर्यंत,
आणि शेजारची यल्लव्वा ओरडत होती,
ओ कमांडर, नळ बंद करा की ओ आधी.